गाभण, वेत, चीक : डुकरिणीच्या आहारविषयक मराठी परिभाषेची चिकित्सा

१

शास्त्रीय विषय मराठीत मांडताना परिभाषा कोठून घ्यावी, हा वाद जुना आहे. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेबरोबर १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले, १९६२ मध्ये पदनाम कोश प्रसिद्ध झाला, आणि तेव्हापासून संस्कृतावरून घडवलेल्या शब्दांचे कैवारी व रूढ शब्दांचे कैवारी यांच्यात वेळोवेळी खडाजंगी होत आली आहे. या वादातील उदाहरणे बहुधा कचेरीतील, न्यायालयातील किंवा महाविद्यालयातील असतात. गोठा, खुराडे, डुकरांचा वाडा या ठिकाणी शास्त्र पोचवताना भाषेचे काय होते, याचा विचार त्या मानाने फारच थोडा झालेला दिसतो. वस्तुतः परिभाषेची खरी कसोटी अशाच ठिकाणी लागते. कचेरीतील शब्द कळला नाही तर अर्ज अडतो. वाड्यातील शब्द कळला नाही तर पिलू मरते.

प्रस्तुत लेखात असे एकच लहान क्षेत्र परीक्षणासाठी घेतले आहे : गाभण व व्यालेल्या डुकरिणीचा आहार आणि तिच्या पिलांच्या आतड्यांचे आरोग्य. हे क्षेत्र निवडण्यास दोन कारणे आहेत. एक म्हणजे, या विषयातील ज्ञान गेल्या काही दशकांत बरेच पुढे गेले असून ते मराठीत आणण्याची गरज उघड आहे. दुसरे असे की, सोलापूरसारख्या मराठी, कन्नड, तेलुगू व उर्दू या चारही भाषा नित्य कानांवर पडणाऱ्या शहरात डुकरे पाळणाऱ्या कुटुंबांची घरची बोली पुष्कळदा यांपैकी कोणतीच नसते. त्यामुळे येथे परिभाषेचा प्रश्न केवळ संस्कृत की मराठी एवढ्या दोन टोकांत मावत नाही.

२

शब्दांचे परीक्षण करण्यापूर्वी वस्तूचे स्वरूप थोडक्यात पाहणे अवश्य आहे. डुकरीण सुमारे ११४ दिवस गाभण असते. तीन महिने, तीन आठवडे व तीन दिवस असा त्याचा सोपा हिशेब सांगतात. मनुष्याच्या बाबतीत आईच्या रक्तातील प्रतिपिंडे वारेतून गर्भापर्यंत पोचतात. डुकरिणीच्या बाबतीत मातेचे रक्त व गर्भाचे रक्त यांच्यामध्ये सहा पेशीथरांचा अडसर असतो आणि त्यातून प्रतिपिंडे पलीकडे जात नाहीत. म्हणून डुकराचे पिलू रोगप्रतिकाराच्या दृष्टीने जवळजवळ रिकाम्या हाताने जन्मास येते. त्याच्या अंगात चरबीही अत्यल्प असते. त्याला जे संरक्षण मिळावयाचे ते आईच्या चिकातून, आणि तेही फार थोड्या अवधीत.

हा अवधी किती थोडा आहे हे आकड्यांवरून स्पष्ट होते. पहिले पिलू जन्मल्यापासून सुमारे २४ तास कासेतून चीक येतो. परंतु त्यातील प्रतिपिंडांचे प्रमाण तासागणिक उतरत जाते आणि १२ तासांच्या सुमारास ते निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. इकडे पिलाच्या आतड्याचे अस्तर ही प्रतिपिंडे अखंड स्वरूपात शोषून घेऊ शकते, परंतु तेही २४ ते ३६ तासांपर्यंतच. पुढे हा मार्ग मिटतो. पहिल्या दिवसात दर पिलाला निदान २०० ग्रॅम, शक्यतो २५० ग्रॅम चीक मिळावा, असे संशोधकांचे सर्वसाधारण मत आहे. अडचण अशी की डुकरिणीचा एकूण चीक साधारणपणे तीन-चार किलोग्रॅम असतो आणि पिले अधिक झाली म्हणून तो वाढत नाही. जिवंत जन्मलेल्या पिलांपैकी सुमारे १० ते २० टक्के दूध तोडण्यापूर्वी दगावतात आणि त्यांतील बहुतेक पहिल्या तीन दिवसांतच दगावतात, याचा उलगडा पुष्कळ अंशी येथे होतो.

चीक संपल्यानंतरही आईचे काम संपत नाही. डुकरिणीच्या आतड्याला ज्या रोगजंतूंशी गाठ पडलेली असते, त्यांच्याविरुद्ध तयार झालेल्या पेशी तेथून कासेकडे जातात व दुधातून विशिष्ट प्रतिपिंडे पुरवू लागतात. ही प्रतिपिंडे पिलाच्या रक्तात न शिरता त्याच्या आतड्याच्या अस्तरावर लेपासारखी राहतात आणि हगवणीचे जंतू तेथे चिकटू देत नाहीत. आईचे आतडे, आईची कास आणि पिलाचे आतडे अशी ही साखळी आहे. गाभण काळातील आहाराचा पिलाच्या आतड्याशी जो संबंध लावला जातो तो मुख्यतः या साखळीच्या द्वारे होय. डुकरिणीच्या खुराकात तंतुमय भाग पुरेसा असल्यास तिला बद्धकोष्ठ होत नाही, विणे लांबत नाही आणि तिच्या आतड्यातील सूक्ष्मजीवांचे स्वरूपही बदलते, असे दिसून आले आहे. काही प्रयोगांत त्यामुळे पिलांच्या पोटात जाणारा चीक वाढल्याचे आढळले. सर्वच प्रयोगांत तसे आढळलेले नाही. तंतूचा प्रकार कोणता आणि तो किती दिवस दिला, यांवर बरेच अवलंबून असते.

या ज्ञानाला अलीकडे अधिक महत्त्व येण्याचे कारण असे की, दूध तोडल्यानंतरची हगवण औषधांनी दडपण्याचे मार्ग क्रमाने बंद होत आहेत. वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविके मिसळण्यास युरोपीय संघाने २००६ मध्ये बंदी केली. मोठ्या मात्रेतील औषधी झिंक ऑक्साईडचा वापर तेथे २०२२ मध्ये थांबवण्यात आला. भारतातही अन्नोपयोगी प्राण्यांसाठी कोलिस्टिन वापरण्यास २०१९ मध्ये प्रतिबंध झाला. औषधाचा टेकू निघाला म्हणजे आईच्या खुराकाकडे वळावे लागते, आणि खुराक देणारा मनुष्य कोणती भाषा समजतो हा प्रश्न मग शास्त्राच्या बाहेरचा राहत नाही.

३

आता या ज्ञानाचे मराठी रूप पाहू. पुढील वाक्य कोणत्याही एका पुस्तिकेतून घेतलेले नाही. शासकीय व शास्त्रीय प्रचारगद्याचा परिचित साचा दाखवण्यासाठी ते रचले आहे. ‘गर्भवती मादी वराहास संतुलित आहार दिल्यास नवजात पिलांचे आंत्रस्वास्थ्य सुधारते व मृत्यूचे प्रमाण घटते.’ व्याकरणदृष्ट्या हे वाक्य निर्दोष आहे. अर्थदृष्ट्याही ते खोटे नाही. तथापि ते वाचून डुकरे पाळणाऱ्याने उद्या सकाळी काय करावे, याचे उत्तर त्यात सापडत नाही.

याचे कारण शब्द अवघड आहेत एवढेच मानले, तर निदान अपुरे ठरेल. ‘गर्भवती’ हा शब्द कोणत्याही मराठी माणसास कळतो. ‘संतुलित आहार’ हाही आता रूढ झाला आहे. दोष वाक्याच्या घडणीत आहे. पहिली गोष्ट अशी की, त्यातील सर्व महत्त्वाच्या क्रियांची नामे झाली आहेत. आहार, स्वास्थ्य, मृत्यू, प्रमाण ही नामे ज्या क्रियांतून आली, त्या क्रियांना कर्ता होता आणि काळ होता. नाम झाल्याबरोबर दोन्ही गळून पडतात. कोणी खायला घातले, केव्हा घातले, पिलू केव्हा प्याले, किती प्याले, हे सांगण्याची जबाबदारी वाक्यावर उरत नाही.

दुसरी गोष्ट, ‘दिल्यास’ आणि ‘सुधारते’ यांच्यामधील साखळी पूर्णपणे अदृश्य झाली आहे. आईने खाल्ले आणि पिलाचे आतडे सुधारले, एवढेच वाचकाच्या हाती येते. खुराक उत्तम असला, परंतु आठ पिलांपैकी शेवटची दोन पहिल्या दिवशी कासेपर्यंत पोचलीच नाहीत, तर त्या खुराकाचा त्यांना काय उपयोग? वाक्यातील सोपा कार्यकारणभाव येथे वाचकाची दिशाभूल करतो.

तिसरी गोष्ट ‘मादी वराह’ या शब्दाची. मराठीत ‘डुकरीण’ हा शब्द असताना ‘मादी’ हे विशेषण जोडून जोडशब्द करण्याचे कारण शास्त्रीय नाही. ते सामाजिक आहे. ‘डुक्कर’ हा शब्द मराठीत शिवी म्हणून वापरला जातो, म्हणून तो छापील पानावर येताना संकोच वाटतो. ‘वराह’ म्हणताच अवताराची आठवण येऊन तो संकोच नाहीसा होतो. शासकीय व्यवहारात ‘वराहपालन’ हा शब्द आता स्थिर झाला आहे आणि व्यवसायाचे नाव म्हणून त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. परंतु व्यवसायाचे नाव आणि जनावराचे नाव यांत भेद केला पाहिजे. ‘पशुसंवर्धन’ असे खात्याचे नाव असले तरी गाईला कोणी ‘मादी गोवंश’ म्हणत नाही. गाईला जी सरळ वागणूक मराठी गद्यात मिळते ती डुकरिणीला नाकारण्याने ज्याच्या दारात ती उभी आहे त्याला हे पान आपल्यासाठी लिहिलेले नाही असे वाटू लागते.

४

याच्या उलट, मराठी गोठ्याची भाषा या विषयास कितपत पुरी पडते, हे पाहण्यासारखे आहे. ‘गाभण’, ‘व्याली’, ‘वेत’, ‘कास’, ‘सड’, ‘पान्हा’, ‘चीक’, ‘वार’, ‘खुराक’, ‘भरडा’, ‘मर्तुक’, ‘दूध तोडणे’ ही सर्व शब्दसंपत्ती गाई, म्हशी, शेळ्या यांच्या सहवासात घडली आहे. तिचे वैशिष्ट्य असे की, तिच्यातील बहुतेक शब्दांत काळाची जाणीव मुरलेली आहे.

‘वेत’ हा शब्द घेऊ. ‘दुसऱ्या वेताची गाय’ असे म्हणताना जनावर कितव्यांदा व्याले हे कळते; ‘एका वेतात आठ पिले’ असे म्हणताना एका वेळी झालेल्या पिलांचा समूह कळतो. डुकरिणीच्या आहारात या दोन्ही गोष्टी लागतात. पहिल्या वेताच्या डुकरिणीची स्वतःची वाढ अद्याप चालू असते, म्हणून तिचा खुराक वेगळा हिशेबावा लागतो. आणि वेतात पिले किती आहेत यावरून दुधाच्या काळातील खुराक ठरतो. ‘प्रसूती’ हा शब्द यांपैकी कोणताही अर्थ देऊ शकत नाही.

‘पान्हा’ या शब्दाचे महत्त्व याहून अधिक आहे. कासेत दूध तयार होणे आणि तयार झालेले दूध सडातून उतरणे या दोन भिन्न क्रिया आहेत. ‘दुग्धस्राव’ या संस्कृत शब्दात त्यांची गल्लत होते. मराठीत ‘दूध असणे’ आणि ‘पान्हा सोडणे’ असा भेद प्रत्येक गवळ्याला माहीत आहे. डुकरिणीच्या बाबतीत हा भेद फार उपयोगी पडतो. कारण चिकाचा पहिला काळ सरल्यावर ती साधारणपणे पाऊण-एक तासाच्या अंतराने पान्हा सोडते आणि तो जेमतेम १० ते २० सेकंद टिकतो. त्या क्षणी जे पिलू सडाला लागलेले नसेल त्याला पुढील पान्ह्यापर्यंत उपाशी राहावे लागते. अशक्त पिलू कासेजवळ असूनही उपाशी का मरते, हे ‘पान्हा’ या एका शब्दाने समजावता येते.

‘चीक’ हा तर या साऱ्या विषयाचा कळीचा शब्द. ‘प्रथम स्तन्य’ आणि ‘कोलोस्ट्रम’ हे त्याचे दोन प्रतिस्पर्धी होत. ‘प्रथम स्तन्य’ या रचनेत चीक म्हणजे पहिल्यांदा आलेले दूध, एवढाच अर्थ सूचित होतो. चीक हे दुधाहून वेगळे द्रव्य आहे ही गोष्ट त्यात बुजते. चीक हा शब्द मात्र दुधापासून निराळा उभा राहतो. तो घट्ट असतो, पिवळसर असतो, तापवला असता साकळतो, हे मराठी घरात खरवसामुळे सर्वांना ठाऊक आहे. आणि तो साकळतो तो त्यातील भरपूर प्रथिनांमुळेच, ज्यांत प्रतिपिंडांचा मोठा वाटा असतो. स्वयंपाकघरातील या अनुभवावर शास्त्राचे बोट ठेवण्याची सोय अन्य कोणत्याही शब्दात नाही. रुईचा चीक किंवा कुरडयांसाठी काढलेला गव्हाचा चीक यांच्याशी घोटाळा होईल ही भीती अनाठायी आहे. संदर्भाने तो भेद आपोआप होतो.

या शब्दांच्या आधारे वरील वाक्य पुन्हा लिहिले तर ते असे होईल : ‘गाभण डुकरिणीला तिचे पोट साफ राहील असा कोंड्याचा व हिरव्या चाऱ्याचा खुराक भरड्याबरोबर द्यावा, ती व्याली की प्रत्येक पिलू कासेला लागले पाहिजे, आणि शेवटी जन्मलेले पिलूही त्याच दिवशी चिकाने पोट भरून निजले पाहिजे.’ वाक्य लांबले हे खरे. परंतु आईचे खाणे, विणे, चीक आणि पिलाचे पोट ही क्रमाने येणारी चारही स्थाने त्यात दिसतात.

५

येथपर्यंतचे विवेचन रूढ शब्दांच्या बाजूने झाले. तथापि टीकेची हीच पट्टी त्या शब्दांनाही लावली पाहिजे. गोठ्याची भाषा गाईसाठी घडलेली आहे आणि डुकरीण ही गाय नव्हे. शब्दाबरोबर त्या शब्दाच्या सवयीही येतात, आणि त्यांतील काही सवयी डुकरिणीच्या बाबतीत घातक ठरतात.

पहिली सवय चिकासंबंधी आहे. गाईचा चीक मनुष्य काढतो आणि वासराचा वाटा वजा जाता उरलेल्याचा खरवस करतो. डुकरिणीचा चीक कोणी काढत नाही, म्हणून येथे वाटणीचा प्रश्नच नाही असे वाटते. प्रत्यक्षात वाटणीचा प्रश्न येथेच सर्वांत तीव्र आहे. फक्त वाटेकरी पिलेच असतात. गाईला बहुधा एक वासरू असते व त्याला चीक पाजला की काम संपते. डुकरिणीच्या वेतात पहिले व शेवटचे पिलू यांच्या जन्मात काही तासांचे अंतर पडते, चिकाचे घड्याळ मात्र पहिल्या पिलाबरोबर सुरू होते. उशिरा जन्मलेल्याच्या वाट्याला थोडा आणि पातळ चीक येतो. मोठी, पोट भरलेली पिले तास-दीड तास उबदार जागी बाजूला ठेवून लहानांना कासेला लावणे हा त्यावरील सोपा उपाय आहे. ‘चीक पाजा’ या आज्ञेत एकवचनी वासराचे चित्र दडलेले असल्यामुळे हा उपाय तिच्यातून सुचत नाही. ‘चीक वाटून पाजा’ असे म्हणावे लागेल.

दुसरी सवय खुराकासंबंधी. गाभणीला चांगले पोटभर खाऊ घालावे, ही मराठी घराची आणि गोठ्याचीही शिकवण आहे. डुकरिणीच्या बाबतीत ती अर्धीच खरी. गाभण काळात ती फार लठ्ठ झाली तर विताना अडते आणि व्याल्यावर, जेव्हा दुधासाठी भरपूर खाण्याची गरज असते तेव्हा, कमी खाते. मोठ्या संकरित डुकरिणीला गाभण असताना दिवसाला दोन-अडीच किलोग्रॅम खाद्य पुरते. व्याल्यानंतर हळूहळू वाढवत ते दोन किलोग्रॅम अधिक दर पिलामागे अर्धा किलोग्रॅम या हिशेबाने द्यावे, असा एक प्रचलित ठोकताळा आहे. गावठी, लहान अंगाच्या डुकरिणीला अर्थातच कमी लागते. म्हणजे गाभण काळात ‘पोट भरणे’ आणि ‘अंग भरणे’ यांची फारकत करावी लागते. तंतुमय चाऱ्याने पोट भरावे, धान्याने अंग फार भरू नये. मराठीतील ‘पोटभर’ हा शब्द या दोहोंना एकच मानतो.

तिसरी सवय आईच्या खाण्यावर सर्व भिस्त ठेवण्याची. लोहाचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. पिलू जन्मताना सुमारे ५० मिलिग्रॅम लोह घेऊन येते, त्याची रोजची गरज सुमारे ७ मिलिग्रॅम असते आणि दुधातून त्याला १ मिलिग्रॅमच्या आसपासच मिळते. आईला लोह अधिक खाऊ घातल्याने दुधातील लोह म्हणण्यासारखे वाढत नाही. मोकळ्या जमिनीत नाक खुपसणाऱ्या पिलाला मातीतून थोडेफार लोह मिळते. फरशीवर ठेवलेल्या पिलाला मात्र पहिल्या काही दिवसांतच ते टोचून द्यावे लागते. आईच्या आहाराचे माहात्म्य सांगणाऱ्या गद्याने त्याची मर्यादाही त्याच पानावर सांगितली पाहिजे.

यात सोलापूरच्या हवामानाची भर पडते. येथे उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. डुकराला घामाने अंग थंड करता येत नाही; २० अंशांच्या सुमारास ते सुखी असते. उष्म्यात व्यालेली डुकरीण खाणे टाकते आणि दूध आटते. अशा दिवसांत खाद्य कोणते यापेक्षा ते पहाटे व रात्री द्यावे आणि पाणी कधीही कमी पडू देऊ नये, हे अधिक महत्त्वाचे ठरते; अंगावर पिणारी पिले असलेली डुकरीण दिवसाला २० लिटर किंवा त्याहूनही अधिक पाणी पिते. इकडे त्याच वाड्यातील नवजात पिलाला पहिले काही दिवस ३२ ते ३४ अंशांची ऊब हवी असते. एकाच छपराखाली आईला गारवा आणि पिलाला ऊब देण्याची ही कसरत ‘योग्य तापमान राखावे’ या वाक्याने सांगता येत नाही, मग त्यातील शब्द संस्कृत असोत की मराठी.

६

‘आतडे’ आणि ‘आंत्र’ यांचा विचार स्वतंत्रपणे केला पाहिजे. मराठीत मुलासाठी आईचे ‘आतडे तुटते’; ज्याच्याशी रक्ताचे नाते त्याला ‘आतड्याचे माणूस’ म्हणतात. आतडे हे मायेचे स्थान मानण्याची ही वहिवाट शास्त्रीय नाही हे उघड आहे. परंतु आईच्या आतड्याचा पिलाच्या आतड्याशी संबंध असतो, हे विधान मराठी कानाला परके वाटू नये इतकी तयारी तिने करून ठेवली आहे. ‘आंत्रस्वास्थ्य’ या शब्दाने हा लाभ विनाकारण गमावला जातो. ‘हगवण’ या शब्दाऐवजी ‘अतिसार’ वापरण्यातही तोच तोटा आहे. हगवणीचा रंग, पातळपणा व दिवस यांवरूनच तिचे कारण ताडता येते आणि हे वर्णन सांगणाऱ्याच्या तोंडी ‘अतिसार’ हा शब्द येणार नाही.

सूक्ष्मजीवांसंबंधी मात्र रूढ शब्द अपुरा पडतो. ‘जंतू’ म्हटले की मराठी वाचकास रोगच आठवतो. पिलाच्या आतड्यात जन्मापासून वस्तीस येणारे उपकारक सूक्ष्मजीव समजावण्यास त्याचा उपयोग नाही. येथे ‘सूक्ष्मजीव’ हा घडवलेला शब्दच स्वीकारावा आणि त्याच्या जोडीला ‘विरजण’ या परिचित वस्तूचा दृष्टान्त द्यावा, हे बरे. आईच्या जन्ममार्गातून, त्वचेवरून आणि शेणातून पिलाच्या आतड्याला पहिले विरजण लागते, आणि आईच्या खाण्याप्रमाणे त्या विरजणाचे स्वरूप बदलते. दृष्टान्ताची सीमाही सांगितली पाहिजे : घरचे विरजण निवडून घेतलेले असते, वाड्यातील विरजणात हगवणीचे जंतूही असतात. म्हणून वाडा कोरडा व स्वच्छ ठेवण्याचे काम खुराकाने सुटत नाही.

यावरून हे दिसून येईल की, प्रस्तुत लेखाचा कल संस्कृत शब्दांना हद्दपार करण्याकडे नाही. ‘प्रतिपिंड’ आणि ‘सूक्ष्मजीव’ यांना पर्याय नाही. ते ठेवलेच पाहिजेत. ज्या वस्तूला मराठीत नावच नव्हते तिला घडवलेले नाव द्यावे. जिला नाव आहे, जिच्या नावात काळ आणि क्रिया आहेत, तिला दुसरे नाव देऊ नये.

७

शेवटी एका उणिवेकडे लक्ष वेधणे भाग आहे. वर गोठ्याची मराठी म्हणून जी शब्दसंपत्ती दिली ती गाईम्हशींच्या धन्यांची आहे. डुकरे ज्यांनी पिढ्यान्पिढ्या पाळली, त्या कैकाडी, वडार आदी समाजांची घरची बोली द्राविडी कुळातील आहे. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा पाहणीच्या १९०६ मधील चौथ्या खंडात कैकाडीची नोंद तमिळच्या बोलींमध्ये केलेली आहे. नागराज मंजुळे या करमाळा तालुक्यातील जेऊर येथील दिग्दर्शकाचा ‘फँड्री’ हा चित्रपट २०१३ मध्ये तयार झाला आणि त्याच्या नावाने कैकाडीतील डुकराचा शब्द महाराष्ट्रभर पोचला. तमिळ ‘पन्ऱि’, तेलुगू ‘पंदि’ आणि कन्नड ‘हंदि’ यांच्या शेजारी ‘फँड्री’ ठेवला असता त्याचे नाते उघड होते. कन्नडमध्ये शब्दारंभीच्या ‘प’चा ‘ह’ झाला. कैकाडी रूपात ओष्ठ्य व्यंजन टिकून आहे, आणि ‘ड्र’ हा समूह तमिळ रूपाच्या उच्चाराशी जुळतो.

तथापि त्या चित्रपटात हा शब्द ज्या जागी उभा आहे ती जागा अवमानाची आहे. गावाला डुक्कर विटाळाचे वाटते आणि ते पकडण्याचे काम ज्या कुटुंबाला करावे लागते त्याच्यावर तोच शब्द फेकला जातो. एक शब्द मराठीत आला, तो अपमानाचे नाव म्हणून. त्यामागे असलेले पालनाचे ज्ञान आले नाही. डुकरीण विण्याला आली हे कशावरून ओळखतात, अशक्त पिलाला काय म्हणतात, दूध आटलेल्या डुकरिणीला काय खाऊ घालतात, यांसाठी कैकाडीत कोणते शब्द आहेत, याचा संग्रह होणे अगत्याचे आहे. सोलापुरात गुन्हेगार जमाती कायद्याखालील वसाहत होती. त्या भागाचे ‘सेटलमेंट’ हे नाव अजून लोकांच्या तोंडी आहे. १८७१ चा तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. वसाहतीतील माणसांची हजेरी मांडणाऱ्या व्यवस्थेला त्यांच्या ज्ञानाची नोंद करण्याचे कारण नव्हते. विद्यापीठाच्या भाषा विभागाला मात्र ते आहे.

हे काम केवळ भाषाशास्त्रीय कुतूहलाचे नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशातील डुकरांची संख्या सुमारे ९०.६ लाख भरली. २०१२ च्या मानाने ती सुमारे १२ टक्क्यांनी घटली होती. जनावरे कमी झाली की त्यांच्या भोवतीचे शब्दही बोलणाऱ्यांबरोबर जातात. पशुवैद्यकाने आईच्या खुराकाचे व चिकाचे गणित मांडावे, भाषाभ्यासकाने ते गणित कोणत्या शब्दांत व कोणत्या क्रियापदांत मांडले असता वाड्यापर्यंत पोचेल हे तपासावे, आणि दोघांनीही तो मजकूर छापण्यापूर्वी डुकरे पाळणाऱ्यास वाचून दाखवावा. ऐकणाऱ्याने ‘शेवटच्या पिलाला चीक मिळाला का?’ असा प्रश्न उलट विचारला, तर परिभाषा योग्य मार्गावर आहे असे मानण्यास हरकत नाही.